आटगावला उतरून भेकराच्या मागावर

शिकारीला निघताना जुनी माणसं शकुन पाहत. आम्ही कसारा लोकल कितीची आहे ते पाहिलं. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या रात्री मित्राचा फोन आला. तानसा अभयारण्यात प्राणिगणनेसाठी मचाणावर बसायला जाणाऱ्या गटातली काही माणसं गळाली आहेत, पैसे भरलेले आहेत, नावं बदलून मिळतायत, उद्या दुपारच्या आत पोचायचं, येतोस का? विचार करायला वेळ नव्हता. बहुधा म्हणूनच चौघंही हो म्हणालो. एरवी आमच्या डोंबिवलीच्या फडके रोडवरच्या कट्ट्यावर साध्या माथेरानचा बेत ठरायला पावसाळा उलटतो.

चौघांपैकी एक मास्तर, शाळेत गणित शिकवतो. एक सहकारी बँकेत. मी कागद काळे करणारा. आणि चौथा पेनसिल्वेनियातल्या पिट्सबर्गहून सुट्टीवर आलेला. सहलीला ‘शिकार’ हे नाव या चौथ्यामुळे पडलं. तिकडे त्याचे सहकारी त्याला दरवर्षी हरणाच्या शिकारीला चल म्हणतात. थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार हा तिथे कित्येक दशकं बंदुकीच्या हंगामाचा पहिला दिवस असे आणि अनेक शाळा त्या दिवशी चक्क सुट्टी देत. २०१९ पासून हंगाम शनिवारी सुरू होतो. लांडगे माणसाने केव्हाच संपवले, त्यामुळे हरणांची संख्या आवरायचं काम आता परवानेवाल्या बंदुकांकडे आलंय, आणि त्या परवान्यांच्या पैशावर तिथल्या वन्यजीव खात्याचा बराच गाडा चालतो. हा सगळा हिशोब तो डोंबिवली स्टेशनच्या पुलावर उभा राहून आम्हाला समजावत होता.

“मग तू गेलास का कधी?” मास्तरांनी विचारलं.

“थंडी फार असते रे,” तो म्हणाला.

परवाने आपल्याकडेही होते. मुंबई राज्याचा १९५१चा वन्य प्राणी आणि वन्य पक्षी संरक्षण कायदा शिकार बंद करणारा नव्हता, शिकारीला शिस्त लावणारा होता. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही काही जनावरांपुरती परवान्याची फट राहिली होती, ती १९९१च्या दुरुस्तीने बुजली. त्यामुळे आमच्या वयाच्या मराठी माणसाने शिकार पाहिली असेल तर ती चोरटी, नाहीतर चुलत्यांच्या गप्पांतली. बँकवाल्याचं आजोळ संगमेश्वराकडचं. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक तिथे माजघरात टांगलेली असे. शिमगा उरकला की गावकी रानात उतरायची, हाकारे एका अंगाने डबे बडवत रान उठवायचे, बंदूकवाले दुसऱ्या अंगाला जाळीत दबून बसायचे, आणि डुक्कर पडलं की वाटे व्हायचे. ज्याचा बार लागला त्याचा वाटा वेगळा, कुत्रेवाल्याचा वेगळा. लहानपणी ऐकलेलं हे सगळं तो इतक्या तपशिलात सांगत होता, की शेजारचे प्रवासी टिटवाळ्याला उतरायचं विसरतील असं वाटलं.

टिटवाळ्याच्या पुढे आमचा भूगोल संपतो. कल्याण-डोंबिवलीचा माणूस गणपतीपर्यंत येतो, प्रसाद घेतो आणि परततो. नाशिकला गेला तर एक्स्प्रेसने, झोपेत. त्यामुळे खडवली, वासिंद ही स्टेशनं आम्ही पाटीवरच पाहिलेली. आसनगावला डाव्या हाताला माहुलीचे सुळके आले. १६३६ साली मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यात शहाजीराजे जिथे निजामशाहीसाठी अखेरचे झुंजले तो हा किल्ला आज तानसा अभयारण्यात मोडतो. घरापासून तासाभरावर हा डोंगर, आणि पिट्सबर्गकर विचारतो, “हे काय आहे?” उत्तर फक्त मास्तरांना आलं.

आटगावला उतरलो. उन्हाने फलाट पांढरा पडला होता. तिथून जीप. वैशाखात हे रान पाहायला जाणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया निराशेची असते, कारण सागाला पान नसतं. साग, ऐन, धावडा सगळे उघडे, मधूनच एखादा मोह तांबूस पालवीत, करवंदांच्या जाळ्या तेवढ्या हिरव्या. जमिनीवर सागाच्या वाळक्या पानांचा घोटाभर थर. पाऊल टाकलं की पापडाचा डबा सांडल्यासारखा आवाज. या रानात चोरपावलांनी चालणं अशक्य, हे जीपमधून उतरताच कळलं.

रस्त्यात एका पाड्यावर टँकरभोवती हंडे लागलेले दिसले. इथून हाकेच्या अंतरावर तानसा तलाव. १८९२ साली पुरं झालेलं त्याचं दगडी धरण पावणेतीन किलोमीटरच्या आसपास लांब आहे, आणि पाणी अजस्र नळांतून ठाण्यावरून मुंबईला जातं. भातसा, वैतरणा हेही याच बाजूचे. मुंबईची तहान शहापूर तालुका भागवतो आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या बायका टँकरची वाट पाहतात, हे वर्तमानपत्रात दर मे महिन्यात छापून येतं. छापून येऊन आपल्याला त्याची सवय झाली आहे, एवढाच त्याचा उपयोग. आम्ही डोंबिवलीकर उल्हास नदीचं पाणी पितो, म्हणून या पापात नाही असं बँकवाला म्हणाला. कोणी त्याला उत्तर दिलं नाही.

वनखात्याच्या चौकीवर सूचना मिळाल्या. अत्तर, डास पळवणारी मलमं नकोत. मोबाइल बंद. टॉर्च अडचणीपुरता आणि तोही जमिनीकडे. फ्लॅश अजिबात नाही. कपडे मळखाऊ रंगाचे. मास्तर शाळेच्या समारंभात घालतात तसला पांढराशुभ्र सदरा घालून आले होते. वनरक्षकाने त्यांना आपली खाकी जर्किन दिली, मे महिन्यात. पिट्सबर्गकराने तेवढ्यात माहिती पुरवली, की अमेरिकेत बहुतेक राज्यांत शिकाऱ्यांना भडक केशरी जाकीट घालावं लागतं, कारण हरणाला तांबडा-केशरी रंग नीट उमगत नाही आणि माणसाला मात्र लांबून दिसतो, म्हणजे एक शिकारी दुसऱ्याला गोळी घालत नाही. उलट निळ्या-जांभळ्या छटा हरणांना आपल्याहून चांगल्या दिसतात. कपडे शुभ्र चमकवणाऱ्या धुण्याच्या पावडरी रानात घात करतात त्या यामुळेच. मास्तरांनी जर्किनची चेन गळ्यापर्यंत ओढली.

एका मचाणावर दोघं आणि सोबत एक वनमजूर, अशी वाटणी झाली. मला आणि पिट्सबर्गकराला जे मामा मिळाले ते जवळच्याच पाड्यातले ठाकर. वय विचारलं तर हसले. त्यांचा बाप साहेबलोकांच्या शिकारीत हाकाऱ्या होता. “दोन आणे नि मटणाचा वाटा. गोळी चुकून लागली तर कोण विचारी?” एवढं सांगून पुढे चालू लागले. वाटेत एका ऐनाखाली शेंदूर फासलेला दगड होता, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. वाघोबा. मामांनी चप्पल काढून हात जोडले, आम्हीही जोडले. ठाणे जिल्ह्यात एकेकाळी वाघ होते आणि ते मारल्याबद्दल इंग्रज सरकार बक्षीस देत असे. आता देवस्थानाचा मालक बिबट्या. वारली, ठाकर, कोळी वाघबारशीला नैवेद्य दाखवतात, तो ठिपके आहेत की पट्टे हे न विचारता.

नाल्याच्या काठी पाणवठा होता. सिमेंटची उथळ बशी, तिच्यात टँकरने भरलेलं पाणी, पलीकडे चिखलात रानडुकरांचं लोटण. पंधरा-वीस पावलांवर आमचं मचाण. चढण्याआधी मामांनी कमरेची चिंधी सोडली, तिच्यातली चिमूटभर राख बोटांतून सोडली आणि ती कुठे जाते ते पाहिलं. दिवसा उन्हाने तापलेला वारा नाल्यातून वर चढतो, सूर्य बुडाला की गार होऊन खाली उतरू लागतो. म्हणजे संध्याकाळी आपला वास नाल्याच्या खालच्या अंगाला जाणार, जनावर वरच्या अंगाने येणार. मचाण बांधणाऱ्याने हे गणित आधीच केलेलं होतं. मामांनी ते फक्त तपासलं. त्यांनी बिडी पेटवली नाही, आणि पुढचे सगळे तास पेटवली नाही. खिशातला बिडीबंडल ते मधून मधून चाचपत, तेवढंच.

कोणी असं बसण्यात काय मजा म्हणेल, तर त्याला मी राजाचा दाखला देईन. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९च्या सुमारास लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मृगयेवर सविस्तर प्रकरण आहे, हरणाच्या शिकारीचे कितीतरी प्रकार त्यात वेगवेगळे करून सांगितलेत. त्याची राजधानी कल्याण. आपलं नव्हे, बिदरकडचं. शिकारीची विद्या म्हणजे निम्मी नेमबाजी आणि निम्मं निरीक्षण. नेमबाजीवर कायद्याने बंदी आली, निरीक्षणावर कोणीच बंदी घातली नव्हती. तरी तेही गेलं. व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी बंदूक घेऊन रानात हिंडले आणि पुढे ती ठेवून वही घेऊन गेले. त्यांच्या रानातल्या लेखनाला जी धार आहे ती शिकाऱ्याच्या डोळ्याची आहे, असं माझं मत आहे. बंदूक कधीच न धरलेल्या आम्हा शहरी निसर्गप्रेमींचं लेखन बहुतेक वेळा हिरवळीत लोळतं, याचं कारणही तेच असावं.

पाचच्या सुमाराला मोर येऊन गेले. मुंगसाची जोडी. उन्हं तिरपी झाल्यावर एक ससा पाण्याच्या कडेला येऊन नुसता बसून राहिला. मग बराच वेळ काही नाही. काही नसण्याचे हे तास फार लांब असतात. मुंगळे पँटीत शिरतात, पाय बधिर होतो, आणि सवयीने हात बंद मोबाइलकडे जातो. पिट्सबर्गकराने पिशवीतून फरसाणाची पुडी काढली. प्लॅस्टिकचा तो चुरचुर आवाज त्या शांततेत इतका मोठा वाटला, की मामांनी न बोलता पुडी त्याच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या कोपरीत टाकली. सकाळपर्यंत परत दिली नाही.

सूर्य गेला तेव्हाच समोरच्या टेकाडामागून चंद्र वर आला. बुद्धपौर्णिमेला मोजणीचा दिवस ठरवण्यामागे दोनच कारणं, भरपूर उजेड आणि आटलेलं पाणी. उघड्या सागांमधून तो उजेड थेट जमिनीवर पडतो. रातवा चक-चक-चक करत बसला. आणि मग पाण्याच्या वरच्या अंगाला, जिथून मामांनी सांगितलं होतं तिथूनच, पानं वाजली. एक पाऊल. थांबणं. पुन्हा एक पाऊल. घोटाभर पाचोळ्यात माणूस असा चालूच शकत नाही. मामांनी माझ्या मनगटावर एक बोट ठेवलं.

भेकर होतं, नर. कुत्र्याएवढं जेमतेम, पाठ किंचित वाकलेली, पुढून बुटकं वाटणारं. कपाळावरून निघालेल्या लांब दांड्यांवर छोटी शिंगं. नराला वरच्या जबड्यात बाहेर आलेले सुळेही असतात. चांदण्यात ते दिसले असं मी म्हणणार नाही. ते पाण्यापर्यंत थेट आलं नाही. पाण्याला वळसा घालून आमच्या वाऱ्याच्या अंगाला जाऊ लागलं, म्हणजे आमचा वास त्याला मिळणार. तिथे पोचायच्या आधी थांबलं, मान उंचावली, कान एकेक करून वळवले. मग परत फिरलं, पुढचे पाय फाकवून पाणी प्यायला लागलं. पिताना चारदा वर पाहिलं. मी आयुष्यात बिबट्या पाहिलेला नाही, पण बिबट्याच्या राज्यात जगणं म्हणजे काय ते त्या मानेच्या हालचालीत दिसलं.

“आता बार काढायचा,” पिट्सबर्गकर अगदी श्वासात म्हणाला. वाक्यात गंमत होती, आवाजात नव्हती. अंतर वीस पावलं, उजेड चांगला, जनावर आडवं उभं. ठासणीच्या बंदुकीनेही ते पडलं असतं. शिकाऱ्याला जे सगळं हवं असतं ते हातात होतं आणि तरी काहीच करायचं नव्हतं, फक्त डोळे उघडे ठेवायचे होते. त्यातली तडफड मला तरी खरी वाटली. तिला आत्म्याची शुद्धी वगैरे म्हणायची माझी तयारी नाही.

भेकर गेलं. रात्री उशिरा डुकरांचा कळप लोटणात येऊन तासभर धिंगाणा घालून गेला. पहाटेच्या थोडं आधी नाल्याच्या खाली भेकर भुंकलं, हुबेहूब कुत्र्यासारखं, एकसुरी, बराच वेळ. तेच की दुसरं, सांगता येत नाही. मामा सरळ बसले. “बिबळ्या फिरतोय,” म्हणाले. आम्ही डोळे फाडून पाहिलं, काही दिसलं नाही. दूर एकदाच ‘पोंक’ असा भसाडा आवाज झाला, ते सांबर. मोठ्या सांबराचं वजन दोनशे किलोंच्या वर जातं. एवढं धूड या रानात राहतं आणि दिसत नाही, यावर आमचा विश्वास बसेना. मामांनी सकाळी ओल्या चिखलात त्याचा खूर दाखवला, तेव्हा बसला.

उजाडल्यावर तक्ता भरायचा होता. वेळ, प्राणी, नर-मादी-पिल्लू, शेरा. मास्तरांनी इथे हरकत घेतली. त्यांच्या मचाणावरून त्यांनाही एक भेकर दिसलं होतं, आमच्यानंतर पाऊण तासाने, दुसऱ्या पाणवठ्यावर. मग ही दोन भेकरं की एकच? शिवाय पाव कोसावर मुंबईचा अख्खा तलाव भरलेला असताना जनावराने या बशीवरच का यावं? पाणवठ्यावरची गणना दुसरीकडे पाणी नाही हे धरून चालते, आणि इथे तर समुद्राएवढं आहे. मास्तरांचं बरोबर होतं आणि हे वनखात्यालाही ठाऊक आहे. सरिस्कामधले वाघ संपल्याचं २००५ साली उघड झाल्यावर ठशांवरून वाघ मोजण्याची जुनी पद्धत मोडीत निघाली, २००६ पासून ट्रॅप कॅमेरे आणि आखून दिलेल्या रेषांवरून चालत केलेल्या नोंदींवर भर आला. पौर्णिमेच्या रात्रीला आता बऱ्याच ठिकाणी ‘निसर्गानुभव’ म्हणतात, ते योग्यच झालं. आमच्या तक्त्यावरून तानसात भेकरं किती हे कोणी सांगू नये. दुसऱ्या दिवशी बातम्यांत ‘अभयारण्यात इतके प्राणी आढळले’ असे आकडे छापतात, ते मात्र थांबायला हवं. त्याने वाचकाची फसवणूक होते.

असं रान आपण रिकामं समजतो आणि ते आपल्याला खोटं पाडतं, हे तानसात पूर्वीही झालंय. रानपिंगळा हा छोटा पिंगळा १८८४ नंतर कोणाला दिसलाच नव्हता, नामशेष झाला असं धरलं होतं. १९९७ साली तो शहाद्याजवळ सापडला, आणि २०१४ साली चक्क इथे, तानसात.

परत येताना मामा वाट सोडून एका जाळीत वाकले. करवंदीच्या बुंध्याला बांधलेला, जमिनीपासून वितीवर लोंबणारा तारेचा फास. मोटारसायकलच्या क्लचची वायर होती ती. दोन्ही बाजूंना काटेरी फांद्या टाकून जनावराला बरोबर तिथूनच जायला भाग पाडलेलं. खालच्या मातीत लेंड्या होत्या, म्हणजे वाट चालती होती. मामांनी वनरक्षकाला हाक मारली, त्याने फोटो काढले, जागेची नोंद केली, मग तार सोडवली. असे फासे पावसाळ्यानंतर जास्त मिळतात, तो म्हणाला. यात न हाका, न वारा, न नेम. लावणारा घरी झोपतो आणि भेकराला तंगडीत तार रुतवून रात्र काढावी लागते. त्यात पिल्लू अडकतं, गाभण मादी अडकते, बिबट्याही अडकतो. ठासणीच्या बंदुकीच्या काळाचं कौतुक करणारा बँकवाला तार हातात घेऊन बराच वेळ गप्प होता. अभयारण्यात शिकार केल्याची शिक्षा किमान तीन वर्षं कैदेची आहे. पण पकडायला माणूस लागतो, आणि एका वनरक्षकाच्या वाट्याला डोंगरच्या डोंगर येतात.

दुसरा त्रास कुत्र्यांचा. पाड्यावरची आणि हायवेच्या ढाब्यांवरची मोकाट कुत्री टोळीने रानात शिरतात आणि भेकराची पाडसं फाडतात. याबद्दल शहरात बोललं की प्राणिप्रेमी दुखावतात. मग कोणी बोलत नाही.

आटगाव स्टेशनवर मामांनी फरसाणाची पुडी परत केली. पिट्सबर्गकराने ती तिथेच त्यांना देऊ केली. त्यांनी पुडी घेतली आणि लगेच बिडी पेटवली.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीत राहून ज्यांनी हे रान पाहिलेलं नाही त्यांनी जावं. बुद्धपौर्णिमेच्या मचाणासाठी वनखात्याकडे आधी नाव नोंदवावं लागतं, जागा मोजक्या असतात, तेव्हा एप्रिल लागताच चौकशी सुरू करा. मोठा कॅमेरा नेऊ नका, रात्री त्याचा उपयोग होत नाही आणि लक्ष त्यातच राहतं. सोबत येणाऱ्या स्थानिक माणसाला त्याचं ठरलेलं मानधन मिळतंय ना हे विचारा. आणि पावसाळ्यानंतर माहुलीला किंवा तानसाच्या बाजूला नुसते ट्रेकला गेलात तरी वाटेच्या कडेला, वितीभर उंचीवर, तारेचा फास दिसतो का पाहत चला. दिसला तर त्याला हात लावू नका, जागा नीट लक्षात ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.